लखनच्या गाडीची मागची सीट

१

सकाळी सातला मी गच्चीवरच्या तुळशीला पाणी घालते. पाणी घालायला दोन मिनिटं लागतात, मी वीस मिनिटं थांबते. खोटं कशाला बोलू, मला गल्ली बघायला आवडतं. कुणाच्या दारात कुणाच्या चपला, कुणाकडं आज दूध जास्त आलं, सगळं बघून झाल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आमचे हे म्हणतात, "गल्लीत पोलीस चौकी कशाला पायजे, आमची उज्वला हाय की."

समोर यशोदाक्काचं घर. पोर्चवर पत्रा, पुढं जाळीचं गेट. गच्चीवरून बघितलं की पत्र्यामुळं पोर्चचं वरचं अर्धं झाकतं, खालचं अर्धं दिसतं. त्यात लखनच्या गाडीची चाकं आणि इंजिन दिसतं. लखन हा यशोदाक्काचा एकुलता एक. तो फेब्रुवारीत गेला. गाडी राहिली. कुणीतरी तिच्यावर कापड टाकलं होतं, ते अक्कानं दुसऱ्याच दिवशी काढायला लावलं. म्हणाली, "अंगावरून चादर वढल्यावाणी दिसून राहिलंय, काढा ते."

मागं बसणाऱ्याला पाय ठेवायला मोटारसायकलीला दोन दांड्या असतात. कुणी बसणार नसेल तर त्या वर मिटून ठेवतात, बसायचं असलं की पायानं खाली पाडतात. लखनच्या गाडीच्या त्या दांड्या कायम मिटलेल्या असायच्या, कारण त्याच्या मागं कधी कुणी बसलंच नाही.

एप्रिलमधल्या त्या सकाळी माझ्या बाजूची दांडी खाली होती.

२

लखन एका क्लासमध्ये पोरांना केमिस्ट्री शिकवायचा. लातुरात क्लासचे सर म्हणजे काय असतात ते वेगळं सांगायला नको. ही गाडी त्यानं हैदराबादहून आणली, दुसऱ्याच्या हातची, पण इटलीची. आली त्या दिवशी निम्मी गल्ली पोर्चमध्ये. मी तर पहिलीच.

"काकू, हिला नेकेड म्हणतात."

"काय म्हणतात?"

"नेकेड. म्हणजे अंगावर काही नाही. इंजिन, नळ्या, सगळं उघडं."

"मेल्या, आईसमोर तरी असलं बोलू नकोस."

यशोदाक्का ओट्यावर तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्याला कापडं घालायला शिकवता शिकवता माझी कंबर गेली. आता ह्यानं बिनकापडाची आणून ठिवली."

मी नाक मुरडलं. पण खरं सांगते, दुपारी कुणी नसताना मी जाऊन त्या गाडीवरून हात फिरवून आले. लाल नळ्यांचा सांगाडा, त्यात कोंबून बसवलेलं इंजिन. मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं, दुसऱ्या बाजूनं बघावं तर नुसतं हवेत. पुढं सगळं दणकट आणि मागं निमुळती होत गेलेली, उडी मारायच्या आधी मांजर दबतं तशी. सुरू झाली की आमच्या मांडणीतले पेले वाजायचे. आवाज सलग नाही, तुटक, खोलातला. तो क्लासला निघाला की मी हातातलं काम टाकून दारात यायची आणि उगीच म्हणायची, "हळू जा रे बाबा."

एकदा मी त्याला विचारलं, एवढं काय आहे हिच्यात. तो म्हणाला, "काकू, दिवसभर दोनशे पोरं माझ्या तोंडाकडं बघत असतात. त्यांचे आईबाप फोन करून मार्क विचारतात. हिच्यावर बसलं की कुणी काही विचारत नाही. पुढं काच नाही, काही नाही. वारा सरळ छातीवर."

आईला मागं बसवून नांदेडला मामाकडं न्यायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. मागची सीट तळहाताएवढी, धरायला कडीसुद्धा नाही. अक्का म्हणायची, "मी काय माकड हाय का त्या शेपटावर बसायला?" शेवटी त्यानं चाकाशेजारची साडीगार्डची जाळी काढून टाकली. म्हणाला, "ही वाईट दिसते, अन् आई तर काही बसत नाही."

फेब्रुवारीत मित्राच्या लग्नाला त्याला निलंग्याला जायचं होतं. त्या सकाळी चावी सापडेना. आईनंच लपवली, हे त्याला कळलं होतं. तो हसला, बुटाला फडकं मारलं आणि जीपनं गेला. औशाच्या पुढं ती जीप उसाच्या ट्रॉलीवर गेली.

चावी अक्कानं तुरीच्या डाळीच्या डब्यात खोल पुरून ठेवली होती. ती का पुरली, ते मला माहीत आहे. ते पुढं सांगते. सांगायला मला वेळ लागतोय.

तेराव्यानंतर तिनं चावी आणून माझ्या हातात दिली. तिच्या खाचेत डाळीचा पिवळा भुगा अजून होता. "हे तुज्याकडं ठेव, उज्वला. माज्या घरात नको."

३

लखनच्या मित्रानं सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा गाडी दहा मिनिटं सुरू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. म्हणून दर सोमवारी अक्काचे मालक पिराजीभाऊजी डाळमिलला जाण्याआधी माझ्याकडून चावी नेत आणि दहा मिनिटांत परत आणून देत. एरवी चावी माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली.

त्या सोमवारी मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, मागच्या दांड्या खाली पडून राहिल्यात."

"आँ? असंल. स्प्रिंग ढिली झाली असंल." त्यांनी बुटाच्या टोकानं दोन्ही वर मिटवल्या. खट, खट. स्प्रिंग काही ढिली नव्हती.

मंगळवारी त्या पुन्हा खाली होत्या. बुधवारी मी स्वतः जाऊन मिटवल्या. मला दोन्ही हात लावावे लागले, इतक्या घट्ट. गुरुवारी खाली.

मी मनाला समजावलं. मांजर असेल. अक्काच पाडत असेल, पोराच्या आठवणीनं बाई काहीही करते. मी सातवी शिकलेली असले तरी भुताखेतावर विश्वास ठेवणारी नाही.

शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमाराला वाटीभर कढी घेऊन गेले. उन्हानं गल्ली मेल्यासारखी पडली होती. पोर्चमध्ये पाय ठेवला आणि आवाज आला. टिक. टिक. टिक. लांबून आलेली गाडी बंद केल्यावर तिचं लोखंड निवताना वाजतं, तसा.

पत्र्यानं तापली असेल, असं म्हणून मी टाकीला हात लावला. टाकी गार. मग खाली इंजिनजवळच्या नळीला बोट लावलं आणि मागं घेतलं. बोटाच्या टोकाला फोड आला.

चावी साड्यांखालीच होती. घरी येऊन मी आधी तेच बघितलं.

४

दुसऱ्या दिवशी अक्का ओट्यावर बसलेली. केस विस्कटलेले, डोळे लाल, चेहऱ्यावर बारीक धूळ. मला वाटलं रडली असेल. रडून धूळ बसत नाही, हे मला नंतर सुचलं.

"कुठं गेला होतात का, अक्का?"

"आष्टामोडापतूर."

"आटोनं?"

ती माझ्याकडं बघून थोडीशी हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज चाकूर. तिथं रस्ता लई ग्वाड केलाय आता." त्याच्या पुढच्या दिवशी शिरूर ताजबंद. मग अहमदपूर. तिच्या साडीच्या काठाला काळा डाग होता. बोट लावून वास घेतला. साखळीचं वंगण.

मी घरी यांना विचारलं. हे बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यातली अकरा लातूर-नांदेड. झोपेत विचारलं तरी थांबे सांगतात.

"अहमदपूरच्या पुढं काय लागतं हो?"

"माळाकोळी. मग लोहा, सोनखेड, विष्णुपुरी, अन् नांदेड. का गं?"

"यशोदाक्का रोज थोडी थोडी पुढं जाऊन येऊन राहिली."

"कशानं?"

मी सांगितलं. हे पेपरची घडी घालून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "उज्वला, त्या बाईचं डोकं ठिकाणावर न्हाई. हे तिच्या नवऱ्याला सांग. आजच सांग."

५

आता ते सांगते.

जानेवारीत आम्ही दोघं अहमदपूरहून एसटीनं येत होतो. आष्टामोडाच्या अलीकडं मागून तो ओळखीचा आवाज आला आणि लखन आमच्या खिडकीवरून लाल रेघेसारखा गेला. पाठ जरा वाकलेली, दोन्ही हात हँडलवर. क्षणभर दिसला. माझ्या मनात आलं, किती देखणा दिसतोय मेला. हे इतकंच झालं होतं.

संध्याकाळी मी यशोदाक्काकडं गेले. नुसतं "लखन दिसला" एवढ्यावर माझं भागत नाही. मी म्हटलं, काय सुसाट गेला तुमचा पोरगा. अक्का म्हणाली, "व्हय?" तिच्या डोळ्यांत मला पाहिजे होती तेवढी काळजी आली नाही. म्हणून मी वर घातलं, "दोन्ही हात सोडून, अक्का. हँडल सोडून चालवत होता."

मग आली. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

त्या दिवसापासून तिनं त्याच्यामागं भुणभुण लावली. तो शपथेवर सांगायचा की मी असलं काही करत नाही, आणि ती म्हणायची, उज्वला कशाला खोटं बोलंल. लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी तिनं चावी डाळीत पुरली.

तो त्याच्या गाडीवर गेला असता तर कदाचित सुखरूप आला असता. कदाचित नसता. हे कदाचित घेऊन मी दोन-अडीच महिने तुळशीला पाणी घालत होते.

म्हणून यांनी "सांग" म्हटल्यावर मी जागची उठले नाही. एकदा सांगून बघितलं होतं.

६

माळाकोळी झालं. लोहा झालं. त्या दिवशी तिच्या ओठांवर उसाच्या रसाचा चिकटा होता आणि मला पोर्चमधली गाडी दिवसभर जागेवर दिसत होती. मी मुद्दाम सकाळपासून गच्चीवर बसले होते, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. एकही चाक हललं नाही. फक्त दुपारी दीड ते अडीच गेटची कडी एकसारखी थरथरत होती. खाली आमच्या घरात मांडणीतले पेले वाजत होते.

सोनखेडच्या दिवशी मी तिच्याजवळ बसून हात धरला. हात गार होता, वाऱ्यात फिरून आल्यासारखा. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन.

"अक्का, कशाला जाता हो?"

"राखंला मी गेले न्हाई, उज्वला. नांदेडच्या घाटावर नेली, अन् मला म्हणले बायका येत न्हाईत. भाऊ गेला, मालक गेले, कुणाचा कोण जावई, त्यो बी गेला. नऊ महिने पोटात वागवलं त्याला, कुठं सोडला ती जागा मी बघितली न्हाई." ती गाडीकडं बघत होती. "त्यो म्हणला, दाखवतो. पण हळूहळू. एकदम नेलं तर तुला भ्या वाटंल."

"कोण म्हणाला?"

ते मलाही ठाऊक होतं. मी पुढचं विचारलं. "मग उद्या नांदेड?"

"उद्या."

"अन् परत?"

ती गप्प बसली. एवढी वर्षं शेजारी राहून तिचं गप्प बसणं मला कळतं. परत यायचं तिनं ठरवलेलंच नव्हतं.

मी आटो केला आणि तडक डाळमिलवर गेले. पिराजीभाऊजी काट्यापाशी उभे, भुवयांपर्यंत पिवळे. मला बघून पुढं आले. "काय वैनी, हिकडं कुठं?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. सांगितलं असतं तर त्यांनी त्याच संध्याकाळी गाडी विकली असती, अक्काला खोलीत बसवलं असतं. आधी लखनचं, आता तिचं जाणं माझ्या तोंडानं बंद झालं असतं. आणि नाही सांगितलं तर. दोन्हीकडून मीच.

"काही नाही भाऊजी," मी म्हटलं. "दोन किलो तूरडाळ पाहिजे होती."

ते हसले. "गल्ली सोडून इतक्या लांब? द्या रे, वैनीला चांगली द्या."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजताच मी त्यांच्या गेटशी गेले. चावी माझ्या मुठीत होती. का घेतली कोण जाणे. ती माझ्या हातात असली म्हणजे गाडी जाणार नाही, असं अजूनही वाटत असेल.

गेट उघडलं नाही, जाळीतूनच बघितलं.

यशोदाक्का मागच्या सीटवर बसली होती. दोन्ही बाजूंना पाय टाकून, पुरुषासारखी. साडी साखळीत जाऊ नये म्हणून सोगा सुतळीनं पोटरीला बांधला होता. पाय त्या दांड्यांवर. गाडी स्टँडवर, बंद, भिंतीपासून दीड हातावर. गल्लीत पान हलत नव्हतं.

तिचा पदर मागं उडत होता.

सरळ मागं, ताठ, फडफडत. केस सुटून मागं ओढले गेले होते. डोळे बारीक केलेले, कोपऱ्यातून पाणी कानाकडं वाहत होतं. ते रडणं नव्हतं, वाऱ्याचं पाणी होतं. तिनं दोन्ही हात पुढं घालून बोटांत बोटं अडकवली होती. हातांच्या आत मावेल एवढी जागा होती. लखन मावेल एवढी.

मी जाळी धरली. जाळी थरथरत होती.

"अक्का." पुन्हा म्हटलं. "अक्का, मी खोटं सांगितलं होतं. त्यानं हात सोडले नव्हते."

तिनं मान थोडी माझ्याकडं वळवली. चालत्या गाडीवरून ओरडतात तशी ती ओरडली, "काय?"

"त्यानं हात सोडले नव्हते. दोन्ही हात हँडलवर होते. मी बघितलं होतं, अक्का."

"ऐकू येईना," ती ओरडली. "वारा लई हाय."

मी भर दुपारी गल्लीत उभी राहून तिसऱ्यांदा ओरडले. सगळं ओरडले. ती मान हलवत राहिली, नाही नाही, ऐकू येत नाही. मग तिनं तोंड पुढं केलं आणि गाल टेकवला. कशावर टेकवला ते मला दिसलं नाही. पण गाल चपटा झाला, कुणाच्या पाठीवर टेकल्यावर होतो तसा.

पुढच्या डाव्या बाजूला, वेग उतरवताना पायानं दाबतात ती गिअरची दांडी असते. ती खाली दबली. कुणाचा पाय नव्हता. थोड्या वेळानं पुन्हा दबली. पदर सैल पडला. आणखी एकदा. पदर तिच्या पाठीवर आला आणि तसाच राहिला. पोर्चमधून ओल्या वाळूचा, शेवाळाचा वास आला.

अक्का पलीकडच्या बाजूला उतरली. तिकडं भिंत आहे. गाडीच्या खालून पलीकडची फरशी दिसते, हे तर मी रोज गच्चीवरून बघते. मी वाकून बघितलं. फरशी होती. तिथं तिचे पाय नव्हते.

मी किती वेळ वाकून राहिले, सांगता येत नाही. हाक मारायची हिंमत झाली नाही. मुठीतली चावी इतकी दाबली होती की तळव्यात तिचे दात उमटले. मी मनात म्हणत होते, बाबा, तुझी आई परत दे. माझं काय करायचं ते कर.

मग फरशीवर दोन पाय आले. घोट्यापर्यंत ओले.

८

गेट मीच उघडलं. अक्का माझा हात धरून ओट्यावर आली. तिची पावलं फरशीवर उमटली आणि उन्हानं लगेच वाळली. ती म्हातारी झाली होती. सकाळी नव्हती.

बराच वेळ ती सुतळीची गाठ सोडत बसली. गाठ सुटत नव्हती, शेवटी मीच वाकून सोडवली.

"जागा चांगली हाय," ती म्हणाली. "पायऱ्या हायत. पाणी वाहतंय."

"तो?"

"त्यो तिथंच थांबला. म्हणला, तू जा, आई. मी राहते म्हणलं, तर न्हाई म्हणला. मालकाला भाकरी कोण टाकंल म्हणला." तिचा आवाज कुठं अडखळला नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली. "मला मागं बसवलं अन् म्हणला, वळून बघू नको. घाटावरनं येताना बघायचं नसतंय. मी न्हाई बघितलं. गाडी कुणी आणली, ठाव न्हाई."

गाडीचं लोखंड वाजत नव्हतं. आत्ताच तर थांबली होती. मी जाऊन इंजिनच्या नळीवर तळवा टेकवला. गार होती, कित्येक महिने कुणी सुरू न केल्यासारखी.

अक्का भिंतीला टेकून बसली. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली. मग तशीच म्हणाली, "तू काय म्हणून राहिली होतीस गं, मगा? गेटवरनं?"

मी सुतळीचा गुंडा करत बसले.

"मला वाऱ्यानं ऐकू आलं न्हाई. लखनला आलं." तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं, साधं, शेजारणीकडं बघतात तसं. "मी त्याला इचारलं, काकू काय म्हणती रे. त्यो गप बसला. लई वेळ गप होता. मग म्हणला, काय न्हाई आई, ऱ्हाऊ दे."

समोरच्या माझ्या घरात हे मला हाक मारत होते.

"काय म्हणत होतीस?"

"चहा ठेवू का, म्हणत होते," मी म्हटलं.

अक्कानं ओले पाय पोटाशी ओढून घेतले.

"ठेव की," ती म्हणाली.